मम्मीच्या फोनवरची साखर

डॉक्टर नेहत्यांच्या टेबलावर दोन पंप ठेवले होते आणि कंपनीचा माणूस ज्योतीला ते समजावून सांगत होता. पंप लागणार होता ज्योतीच्या मुलीच्या अंगाला. ती मुलगी, मोहिनी, शेजारच्याच खुर्चीत बसली होती. पण त्याने तिच्याकडे एकदाही मान वळवली नव्हती.

"मम्मी, हा बघा. याला नळीच नाही. दंडावर चिकटवला की तीन दिवस बघायचं काम नाही. बठ्ठं फोनवर." जळगावचाच असावा तो, गोड बोलायला मधेच 'सगळं'ऐवजी 'बठ्ठं' म्हणाला. "आणि मेन गोष्ट म्हणजे, ताई धुळ्याला हॉस्टेलवर असल्या तरी त्यांची साखर तुम्हाला असोद्यात घरबसल्या दिसेल. तुमच्या फोनवर. चोवीस तास."

ज्योतीचे डोळे चमकले. मोहिनीने ते पाहिलं आणि रागाने खुर्ची पुढे ओढली.

"आणि हा दुसरा?" मोहिनीने विचारलं.

"तो जरा जुन्या पद्धतीचा आहे," तो माणूस ज्योतीलाच म्हणाला. "कमरेला लावायचा, नळी असते. स्वतःचा स्क्रीन, स्वतःची बटणं. साखर मोजणाऱ्या सेन्सरशी पंप स्वतःच बोलतो, फोनची गरज नाही. पण घरी काही दिसत नाही."

"मग हाच," ज्योतीने बिननळीच्या पंपावर बोट ठेवलं.

मोहिनी एकोणीस वर्षांची होती. धुळ्याला फार्मसीच्या दुसऱ्या वर्षाला शिकत होती. सात वर्षांची असताना तिला टाइप वन डायबिटीस झाला. तिचं शरीर इन्सुलिन बनवतच नाही, ते बाहेरूनच द्यावं लागतं, रोज, जन्मभर. बारा वर्षं तिने दिवसातून चार-पाच वेळा पेनने इंजेक्शन टोचून घेतलं होतं. त्यातली पहिली बरीच वर्षं ते ज्योतीने टोचलं. रात्री दोनदा उठून झोपलेल्या पोरीचं बोट टोचून साखर बघणारी ज्योतीच होती. शाळेच्या सहलीला एरंडोलच्या पद्मालयाला पोरं गेली तेव्हा बसमध्ये शेवटच्या सीटवर डबा, ग्लुकोज आणि इन्सुलिनचा थर्मास घेऊन बसलेली एकमेव आईही तीच होती. मोहिनीला त्या सहलीतलं देऊळ आठवत नव्हतं. मागच्या सीटवरून येणारी "मोहिनी, पळू नको" ही हाक आठवत होती.

पंप घ्यायचा हे यंदा ठरलं. केळीचा पैसा बरा आला होता आणि मोहिनीचे वडील नवल यांनी "पैशाचं मी बघतो, तुम्ही मशीन बघा" एवढंच सांगितलं होतं. पंप दिवसभर थेंबथेंब इन्सुलिन शरीरात सोडत राहतो, जेवताना हवं तेवढं जास्त देता येतं. डॉक्टर म्हणाले, "महिनाभर एक लावून बघा. मग कायमचा कोणता घ्यायचा ते ठरवा."

"मला नळीवाला बघायचाय," मोहिनी म्हणाली.

"तो दिसतो कमरेवर. लोक विचारतील," ज्योती म्हणाली.

"विचारू दे."

"आणि मला काही कळणार नाही तुझं."

"तेच तर पाहिजे मला!"

मागच्या खुर्चीत बसलेल्या नवलने खिडकीबाहेर पाहिलं. ज्योती पारोळ्याकडची. एरवी असोद्यात सासरची बोली बोलायची, बाहेर शुद्ध बोलायची, पण चिडली की माहेरची अहिराणी तोंडात यायची. ती हळू आवाजात म्हणाली, "तुले काय कयस? काही कळत नाही तुला."

आणि बिननळीचा पंप मोहिनीच्या डाव्या दंडावर चिकटला. पोटावर साखर मोजणारा सेन्सर लागला. मोहिनीचा फोन त्याच्याशी जोडला गेला आणि त्या फोनमधून ज्योतीचा. आता ज्योतीला साखर दिसायची आणि दिलेलं इन्सुलिनही.

पहिल्या आठवड्यातच मोहिनीला कळलं की तिने हॉस्टेल सोडून जणू असोद्याच्या स्वयंपाकघरात मुक्काम हलवला आहे. साखर जरा वर गेली की फोन. "काय खाल्लं?" खाली आली की फोन. "काय खाल्लं नाही?" वर्गात असली की मेसेज, मेसेजला उत्तर नाही दिलं की तिची रूममेट ममता हिला फोन. ममता शिरपूरच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याच्या गावची, मुळात कमी बोलणारी. ती निमूटपणे फोन उचलायची आणि म्हणायची, "हो काकू, जेवली. हो काकू, माझ्यासमोर बसली आहे."

एका मैत्रिणीच्या वाढदिवसाला मुलींनी केक कापला. मोहिनीने नीट हिशेब करून फोनवरून आधी इन्सुलिन दिलं आणि मग एक तुकडा तोंडात घातला. तो गिळायच्या आत फोन वाजला. स्पीकर चुकून चालू झाला आणि सगळ्या मुलींनी ऐकलं, "मोहिनी, इन्सुलिन कशाचं दिलं आत्ता? गोड खातेस?"

मुली हसल्या. वाईट हेतूने नाही हसल्या, पण हसल्या. मोहिनी गच्चीवर गेली आणि तिथून तिने आईला झापलं.

"मी जेलमध्ये आहे का? घास घेतला तरी तुला कळतं. मला मशीन लावलंय की तुला?"

"मला झोप तरी लागते आता," ज्योती म्हणाली.

"मला नाही लागत!"

"तू एकदा आई हो, मग सांग."

मोहिनीने फोन कापला. दुसऱ्या मिनिटाला मेसेज आला, 'साखर वर चालली आहे. रागावू नको, रागाने पण वाढते.' तिला फोन गच्चीवरून खाली फेकावासा वाटला. पण त्या फोनवर तिचा पंप चालत होता. तेही तिला करता येत नव्हतं.

परीक्षा सुरू झाली तेव्हा धुळ्यात ऊन नुसतं भाजत होतं. पहिल्या पेपरच्या आधीच मोहिनीने विभागप्रमुख मॅडमना पंप दाखवला होता, डॉक्टरांचं प्रमाणपत्र दिलं होतं. मॅडम म्हणाल्या, "अगं, आपण फार्मसीवाले. आपल्याला काय सांगतेस?" फोन हॉलबाहेर बॅगेत राही, पंप दंडावर राही. फोन लांब असला तरी पंप ठरलेले थेंब सोडत राहतो, त्यामुळे अडचण नव्हती. पहिले पेपर सुरळीत झाले.

त्या दिवशी सकाळी साखर जरा उतरत होती. मोहिनीने ती पाहिली, चार बिस्किटं खाल्ली, वर ग्लुकोजचं पाणी प्यायली, फोन बॅगेत टाकला, बॅग व्हरांड्यात ठेवली आणि आत जाऊन बसली. काम झालं होतं. अर्ध्या तासात साखर वर येणार हे तिला माहीत होतं.

असोद्यात ज्योतीच्या फोनवर मात्र वेगळंच दिसलं. उतरती साखर, खाली तोंड केलेला बाण आणि मग काहीच नाही. सिग्नल गेला. पेपर असला की सिग्नल जातो, हे तिला ठाऊक होतं. पण आधीच्या पेपरांना बाण सरळ होता. आज तो खाली बघत होता, आणि त्यानंतर पोरीचं काय झालं हे सांगायला कोणी नव्हतं. तिने मोहिनीला फोन लावला, नुसता वाजला. ममताला लावला, तीही पेपरला. नवल केळीच्या गाडीबरोबर गेलेला, त्याचा फोन लागेना. शेवटी तिने कॉलेजच्या ऑफिसला फोन लावला.

"साहेब, माझी मुलगी पेपरला बसलीय. मोहिनी नवल चौधरी. तिच्या दंडावर मशीन आहे, मोबाईलला जोडलेलं. त्यात मला इकडे दिसतंय की तिची तब्येत बिघडतेय. कोणी तरी नुसतं जाऊन बघा. बिस्किट द्या तिला."

पलीकडच्या माणसाने "बघतो" म्हटलं. ज्योतीला तेवढ्याने धीर धरवेना. तिने पिशवीत ग्लुकोज घेतलं, सवयीने थर्मासमध्ये बर्फ आणि इन्सुलिनचं पेनही टाकलं, कुलूप लावलं, मिळेल त्या रिक्षाने जळगावला आली आणि धुळ्याच्या एसटीत बसली.

ऑफिसातल्या माणसाने निरोप दिला. तो निरोप एका तोंडातून दुसऱ्या तोंडात जाताना त्यातली तब्येत गळाली, बिस्किट गळालं. परीक्षेचं काम बघणाऱ्या देवरे सरांपर्यंत पोहोचलं ते एवढंच, की हॉलमधल्या एका मुलीच्या दंडावर मोबाईलला जोडलेलं मशीन आहे आणि तिच्या घरच्यांना बाहेर सगळं दिसतंय.

देवरे सर दोन जणांना घेऊन हॉलमध्ये आले. विभागप्रमुख मॅडम त्या दिवशी रजेवर होत्या.

"मोहिनी चौधरी कोण? उभी राहा. बाही वर कर."

पूर्ण हॉल बघत होता. मोहिनीने बाही वर केली.

"हे काय आहे?"

"इन्सुलिनचा पंप आहे सर. मला टाइप वन डायबिटीस आहे. मॅडमना माहितीय. आधीचे पेपर मी हाच लावून दिलेत."

"ब्लूटूथ आहे का याला?"

"आहे, पण फोन बाहेर..."

"आहे ना? मग झालं. ब्लूटूथ असलेली कोणतीही वस्तू हॉलमध्ये चालत नाही. काढ."

"सर, तो काढला की परत लागत नाही. फेकूनच द्यावा लागतो. आणि इन्सुलिन बंद होतं."

"मग बाहेर बस. मी वरती विचारतो. परवानगी आली तर पेपर दे."

"तोपर्यंतचा वेळ?"

"तो तुझा प्रश्न."

मोहिनीने मागे पाहिलं. ममता उभी राहू बघत होती, तिला पर्यवेक्षकाने खाली बसवलं. घड्याळ पुढे चाललं होतं. पेपर निम्मासुद्धा झाला नव्हता. मोहिनीने दंडावरचा पंप नखाने एका कडेने उचकटला आणि कातडीसकट ओढल्यासारखा ओढून काढला. देवरे सरांसमोर टेबलावर आपटला. दंडावर लाल चौकोन उमटला. पोटावरच्या सेन्सरबद्दल ती एक शब्द बोलली नाही.

सरांनी पंप पाकिटात टाकला आणि पाकीट टेबलावर ठेवलं. यंत्राला काय ठाऊक की ते अंगावर नाही? ते आपलं काम करत राहिलं. खाली बसून लिहिताना मोहिनीला दिसत होतं, पाकिटाचा कोपरा हळूहळू ओला होत चालला होता. तिचं इन्सुलिन टेबलावर मुरत होतं.

पेपर सुटला तेव्हा तिच्या तोंडाला कोरड पडली होती. बॅगेतला फोन काढला तर साखर भलतीच वर. सकाळची बिस्किटं, ग्लुकोज, आणि त्याला उतारा द्यायला अंगात थेंबभर इन्सुलिन नाही. फोनवर मम्मीचे कॉलच कॉल. आणि एक मेसेज, 'कॉलेजला फोन केलाय. कोणी आलं का बघायला?'

मोहिनीने तो मेसेज दोनदा वाचला. मग तिला सगळं समजलं.

"रूमवर चल," ममता म्हणाली. "आधी पेन घे, मग काय ते."

"नाही. आधी तो माणूस मला सांगेल, कोणत्या नियमात लिहिलंय ते. माझा पंप परत देईल. मग मी येईन."

"मोहिनी, तुझे ओठ बघ कसे झालेत."

"तू जा!"

देवरे सर जेवायला गेले होते. मोहिनी त्यांच्या खोलीबाहेरच्या बाकावर बसली. तिला सगळं माहीत होतं. इन्सुलिन थांबलं की काही तासांत रक्त आंबायला लागतं, मग ओकारी, मग धाप, मग शुद्ध जाते. दुसऱ्या वर्षाच्या पुस्तकात पानभर आहे ते. तिला त्याच्याही आधीपासून पाठ होतं. पण उठायचं म्हणजे त्या माणसापुढून उठून जायचं, असं तिला वाटत होतं. रागाने तिला बाकाला खिळवून ठेवलं होतं. ममता हॉस्टेलकडे पळत सुटली, पेन आणायला. हॉस्टेल बरंच लांब होतं.

थोड्या वेळाने मोहिनी बाकावरून वाकली आणि व्हरांड्यातच ओकली. दुसऱ्यांदा ओकली तेव्हा कोणीतरी तिचं कपाळ धरलं. हात ओळखीचा होता.

ज्योतीने पोरीचं तोंड स्वतःकडे वळवलं आणि श्वासाचा वास घेतला. केळी पिकवायच्या बंद खोलीत येतो तसला गोड, कुबट वास. बारा वर्षांपूर्वीही हाच वास आला होता, तेव्हा तिला त्याचा अर्थ माहीत नव्हता. तिने थर्मास उघडला, पेन काढलं, तिथेच बाकावर पोरीच्या दंडात इंजेक्शन दिलं. मग तिची नजर त्या दंडावरच्या लाल चौकोनाकडे गेली.

"पंप कुठंय?"

"त्यांनी काढायला लावला," मोहिनी कशीबशी म्हणाली. "तुझ्या फोनमुळे."

तेवढ्यात देवरे सर जिना चढून आले. "काय चाललंय इथे? कोण तुम्ही?"

ज्योती उठली. तिचा आवाज व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकापर्यंत गेला.

"मनी पोरना आंगवरनं औषध काढी लिधं तुम्ही! माणूस शेत का कोण शेत? माणसं आहात ना तुम्ही? सलाइनवरचा माणूस असता तर त्याची सलाइन काढली असती? औषधाचं कॉलेज म्हणवता! गाडी बोलवा. आत्ता. हिला काही झालं तर मी ह्या दारातून हलणार नाही."

देवरे सरांनी खिशातून फोन काढला आणि गाडी बोलावली.

धुळ्यातल्या एका खाजगी दवाखान्यात मोहिनीला सलाइन लागली, शिरेतून इन्सुलिन सुरू झालं. तिथले डॉक्टर म्हणाले, वेळेवर पहिलं इंजेक्शन मिळालं म्हणून निभावलं. संध्याकाळपर्यंत ती उशीला टेकून बसण्याइतकी सावरली. जळगावहून नवल येऊन बाहेर बसला होता. ज्योती पलंगाशेजारी स्टुलावर होती.

"थोडं पाणी पी."

"नको."

"मोहिनी..."

"तू फोन केला नसतास तर काही झालं नसतं. मी बिस्किटं खाल्ली होती. मला कळत होतं. तीन तास, मम्मी, तीन तास तुला धीर धरवला नाही."

"आणि मी आले नसते तर?"

"फोन केला नसतास तर तुला यावंच लागलं नसतं!"

ज्योतीचा चेहरा लाल झाला. ती स्टुलावरून उठली, परत बसली, परत उठली.

"सात वरीसनी व्हती तू. तुले काय याद शे? मनी मांडीवर तुना डोया फिरी गयथात, डोळे पांढरे झाले होते. डॉक्टर म्हणाला, आणखी थोडा उशीर झाला असता तर पोरगी गेली होती. मी दोन दिवस तुला लिंबू सरबत पाजत होते, ताप आहे म्हणून. साखर घालून! मीच पाजत होते!" तिचा श्वास लागला. "तुझ्या फोनवरचा बाण तुला नुसता बाण दिसतो. मला काय दिसतं ते तुला नाही कळायचं."

हे मोहिनीने आधी कधी ऐकलं नव्हतं. पण त्या क्षणी तिच्या मनात दयेला जागा नव्हती. तिने भिंतीकडे तोंड केलं.

"तुला काय दिसतं त्याची शिक्षा मला का?" ती भिंतीला म्हणाली.

आठवड्याने तिघं प्राचार्यांना भेटायला गेले. खोलीत एसी गारठवत होता. प्राचार्य मऊ आवाजात बोलत होते, चहा सांगत होते. झालं ते दुर्दैवी होतं म्हणाले. नियम सर्वांना सारखे असतात म्हणाले. देवरे सरांचा हेतू वाईट नव्हता म्हणाले. देवरे सर स्वतः आलेच नव्हते.

"आणि तसं पाहिलं तर," प्राचार्य हसून ज्योतीकडे वळले, "गोंधळ सुरू कुठून झाला? मॅडम, फोन तुम्हीच केला होता ना? पालकांनी थोडा संयम ठेवला असता तर..."

ज्योतीने मान खाली घातली. आठवडाभर हेच वाक्य तिने पोरीच्या तोंडून ऐकलं होतं.

मोहिनी ताडकन उठली. खुर्ची मागे सरकून भिंतीला आपटली.

"माझ्या मम्मीने सांगितलं होतं, जाऊन बघा आणि बिस्किट द्या. तिने तब्येतीचं सांगितलं. तुमच्या माणसांनी मोबाईल ऐकला. तिने फोन केला तो मी जगावी म्हणून. तुम्ही माझ्या अंगावरून इन्सुलिन काढलंत ते कशासाठी? तुम्ही ह्याच इमारतीत इन्सुलिन शिकवता, सर! मला त्याच्यावर मार्क देता! आणि दोष तिचा?"

"हे बघ, आवाज..."

"आवाज वाढणारच! पाकीट ओलं झालेलं मी बघत होते. तुमच्या सरांनी ते बघून साधं विचारलं नाही, हे काय गळतंय म्हणून."

नवल आयुष्यात फारसा बोलला नव्हता. तो उभा राहिला आणि म्हणाला, "साहेब, चहा राहू द्या. पोरगी पुढचा पेपर पंप लावून देणार. हो का नाही, तेवढं सांगा."

प्राचार्य हो म्हणाले. तसा आदेशही नंतर निघाला. माफी कोणी मागितली नाही. तो पेपर मोहिनीचा गेलाच, काय लिहिलं होतं ते तिला स्वतःलाही आठवत नव्हतं. हिवाळ्यात तो परत द्यावा लागणार होता.

परतीच्या एसटीत आई आणि मुलगी शेजारी बसल्या. एरंडोल गेल्यावर ज्योती म्हणाली, "तू माझी बाजू घेतलीस."

"मी बाजू नाही घेतली. खरं तेच बोलले," मोहिनी म्हणाली. "तुझ्यावरचा राग वेगळा आहे. तो मी बोलेन. त्यांनी नाही बोलायचं."

महिना संपल्यावर ते पुन्हा डॉक्टर नेहत्यांकडे गेले. टेबलावर तेच दोन पंप, आणि कंपनीचा तोच माणूस.

"मग मम्मी, कसा वाटला आपला..."

"माझ्याशी बोला," मोहिनी म्हणाली.

तो गडबडला. "हो हो, ताई, दोघींशीच..."

"दोघींशी नाही. माझ्याशी. लावणार मी. जेवताना बटण मी दाबणार. नळी माझ्या पोटात जाणार, तिला खाज सुटली की माझ्या पोटाला सुटणार. नळी उन्हाने तापते का? बंद पडला तर जळगावात दुसरा किती वेळात मिळतो? फोन नसला तर काय काय चालतं? ह्याची उत्तरं द्या. मम्मी म्हणू नका, ती तुमची मम्मी नाही."

डॉक्टर नेहत्यांनी चष्मा काढून पुसला. मग त्यांनीच एकेक सांगितलं. नळीवाला पंप सेन्सरकडून साखर स्वतः घेतो, ती उतरायला लागली की इन्सुलिन आपोआप थांबवतो. परीक्षेला फोन बाहेर ठेवला तरी हे चालू राहतं. आंघोळीला तो थोडा वेळ काढून पुन्हा लावता येतो, फेकावा लागत नाही. उन्हात दोन्हींना जपावं लागतं, शेतात कमरेचा पंप कपड्याच्या आत ठेवायचा. नळी कधी दुमडते, तेव्हा साखर चढते, म्हणून इन्सुलिनचं पेन कायम जवळ हवं. बिननळीचा पंपही वाईट नाही, पण तो फोनवर अवलंबून.

"दोन्ही चांगले आहेत," ते म्हणाले. "जो तू नीट वापरशील तो घे."

"नळीवाला," मोहिनी म्हणाली.

"मला त्यात काय दिसेल?" ज्योतीने विचारलं.

"तुम्हाला काही दिसणार नाही," डॉक्टर म्हणाले.

ज्योती उठली आणि बाहेर निघून गेली. नवल तिच्यामागे जायला उठला. मोहिनी म्हणाली, "पप्पा, थांबा. मी जाते."

ज्योती दवाखान्यासमोर रस्त्याच्या कडेला, उन्हात, डोक्यावर पदर घेऊन उभी होती. तिच्या हातात फोन होता. महिन्याभराच्या साखरेची वरखाली जाणारी रेघ ती अंगठ्याने मागे मागे सरकवत होती.

"सावलीत ये," मोहिनी म्हणाली.

"रात्री मी काय करू?"

"झोप."

"झोप काय विकत मिळते?" ज्योती फणकारली. "बारा वर्षं रात्री उठले. तू हॉस्टेलला गेलीस तरी जाग येतेच. निदान फोन बघायला मिळायचा. आता अंधारात बसून भिंत बघू?"

"मला माहीत नाही, मम्मी. खरंच माहीत नाही. पण तुझी भीती मी अंगावर चिकटवून फिरू शकत नाही. चुकले तर मी चुकेन. त्या दिवशी बाकावर बसून राहिले, ती माझी चूक होती. तुझी नाही. ती मला माझी म्हणून पाहिजे."

ज्योतीने तिच्याकडे रागाने पाहिलं. मग म्हणाली, "अडचण आली तर कोणाला कळेल?"

"ममताला. पंपाचा आवाज कोणता कशाचा ते तिला शिकवलंय. पेन कसं द्यायचं तेही."

"परकी पोर!"

"हो. केकच्या दिवशी सगळ्या हसल्या तेव्हा ती हसली नव्हती, आणि तिने मला सांगितलं होतं रूमवर चल म्हणून. मीच ऐकलं नाही. आता ऐकेन."

ज्योती आत आली नाही. नळीवाला पंप मोहिनीला लागला, नर्सने सगळं शिकवलं, तोवर ती रिक्षात जाऊन बसली होती. दोन आठवडे तिने मुलीला फोन केला नाही. रोज नवल करायचा, आणि ज्योती बाजूला भांडी आपटत कान देऊन ऐकायची.

हिवाळी परीक्षेत मोहिनीने तो पेपर परत दिला. कमरेला पंप, कुर्त्यावरून दिसेल असा तिने मुद्दाम लावला होता. नवीन पर्यवेक्षकाने बोट दाखवताच तिने प्राचार्यांच्या आदेशाबद्दल सांगितलं आणि लिहायला घेतलं. असोद्यात ज्योतीने त्या दिवशी पोत्यावर घालून ज्वारी वाळवली, चाळली, परत चाळली. नवलने विचारलं, "कॉलेजला काही..."

"फोनला हात लावायचा नाही," ती त्याच्यावर ओरडली. "कोणीच नाही!"

दुपारी मोहिनीचा फोन आला. थेट ज्योतीच्या फोनवर.

"झाला पेपर. चांगला गेला."

"बरं."

"जेवून घेते आता."

"घे."

फोन कोणीच ठेवला नाही.

"विचारणार नाहीस?" मोहिनी म्हणाली.

"नाही."

"का?"

"तूच सांगितलंस ना, विचारायचं नाही म्हणून? मग?" ज्योतीचा आवाज चढला. "आता नाही विचारलं तरी तुला राग. काय करावं माणसाने?"

"मी राग नाही केला, नुसतं..." मोहिनी चिडून थांबली. मागून ममता कोणाला तरी हाक मारत होती, मेसमधल्या ताटांचा आवाज येत होता. "एकशे चाळीस आहे."

ज्योतीने फोन कानाला तसाच धरून ठेवला आणि दुसऱ्या हाताने पोत्यावरच्या ज्वारीतून बोटं फिरवत राहिली.

"ऐकलंस का?"

"ऐकलं," ती म्हणाली. "जेव आता. थंड होईल."